ताईची सॅक: कोरडं वजन आणि ओलं वजन

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ताई तिची जुनी सॅक घेऊन दुकानात आली. डिचोलीच्या बाजारात माझं बॅगा आणि दप्तरं दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे सॅक उघडताच आलेला आंबूस वास मला ओळखीचा होता. आत हात घातला तर अस्तर बोटांना चिकटलं आणि पांढरे पापुद्रे नखांत आले. बारा वर्षं माळ्यावर होती, फाटलेली कुठेच नव्हती. पण आतला पॉलियुरेथेनचा लेप गेला होता. हवेतला ओलावा या लेपाला हळूहळू फोडतो. आधी चिकटपणा येतो, मग वास, मग पापुद्रे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने कपाटातले कपडेही दमट राहतात. इथे हा लेप वापरून जितका मरतो, त्याहून जास्त नुसता पडून मरतो.

"बाय, शिवून होईल ना?" ताईने विचारलं. शिवून होण्यासारखं ते नव्हतंच. पण सॅक कशासाठी हवी ते तिने सांगितलं, आणि पुढचे चार महिने आम्ही दोघी आणि तिचा मुलगा त्याच एका कामात गुंतलो. ते सगळं सविस्तर लिहून ठेवायचं ठरवलं, कारण हलक्या सामानाविषयी जे सल्ले आपल्याकडे फिरतात ते बहुतेक कोरड्या, थंड डोंगरांचे आहेत. सह्याद्रीच्या या बाजूला ते सल्ले कुठे टिकतात आणि कुठे ढेपाळतात ते मला या एका सॅकवर स्पष्ट दिसलं.

ताई 61 वर्षांची, वजन 58 किलो, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली नर्स. उजव्या गुडघ्याची झीज झालेली आहे. नोकरीची काही वर्षं तिने सांगे तालुक्यात काढली. लहान मुलांच्या डोसासाठी वेर्ले, तुडव, साळजिणी या डोंगरमाथ्यावरच्या गावांत ती जायची. ती गावं पुन्हा पायी फिरायची, तीन दिवस आणि दोन रात्री, हे तिच्या मनात निवृत्तीच्या दिवसापासून होतं. हा सगळा भाग नेत्रावळी अभयारण्यात येतो. म्हादई अभयारण्याबरोबरच 1999 साली ते जाहीर झालं. रानात मुक्काम करायचा नाही, वनखात्याची परवानगी काढायची आणि दोन्ही रात्री ओळखीच्या घरांच्या अंगणात आपल्या निवाऱ्याखाली झोपायचं, एवढं तिने आधीच ठरवून टाकलं होतं. त्या घरांत म्हातारी माणसं आहेत, आपल्या येण्याचा त्यांना भार नको, हा तिचा आग्रह. फिजिओथेरपिस्टने तिला सांगितलं होतं: पाठीवर सहा, फार तर साडेसहा किलो. त्याहून जास्त वजन घेऊन उतार उतरायचा नाही.

पहिलं वजन

काजूच्या दिवसांत वापरतो तो टांगायचा काटा दुकानात आहेच. ताईने नेण्यासाठी काढलेलं सगळं सामान त्यावर चढवलं. 12.7 किलो भरलं.

सॅक 2.3 किलो. दोघींच्या तंबूतला तिचा वाटा 1.3. सोलापुरी चादर आणि जाड फोमची चटई मिळून 1.65. कपडे 2.2, त्यात तीन सुती कुर्ते, एक लोकरी स्वेटर आणि मोठा टॉवेल. स्टीलच्या दोन बाटल्या रिकाम्याच 680 ग्रॅम, त्यांत दोन लिटर पाणी. खाणं 1.6 किलो. औषधं, टॉर्च, छत्री, साबण आणि बाकीचं किडूकमिडूक एक किलो.

हलकं सामान घेऊन पायी हिंडण्याच्या या खेळात पाणी, खाणं आणि इंधन सोडून उरलेल्या वजनाला बेस वेट म्हणतात. खाणं-पाणी रोज कमी होत जातं, बाकीचं शेवटच्या पावलापर्यंत पाठीवर राहतं, म्हणून हिशेब वेगळा ठेवायचा. साधारण नऊ किलोच्या आत बेस वेट असलं तर हलकं म्हणायचं आणि साडेचार किलोच्या आत आलं तर अतिहलकं, असा संकेत अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांतून आला. ताईचं बेस वेट 9.1 किलो होतं. तरुण माणसाला ते चालून गेलं असतं.

तिचा मुलगा पुण्याला असतो, हिमालयात दोनदा जाऊन आलाय. तो ऑगस्टच्या सुट्टीत आला तो स्वतःची सॅक आणि एक लांबलचक यादी घेऊनच. त्याचं बेस वेट 5.3 किलो. एकपदरी तंबू, जो चालायच्या काठ्यांवर उभा राहतो, पिसांची 640 ग्रॅमची रजई, टायटॅनियमचं भांडं. "मावशी, आईला हेच सगळं घेऊया," असं त्याचं म्हणणं. वस्तू उत्तम होत्या. शिवण मी निरखून पाहिली, पट्ट्यांच्या मुळाशी आडवे दाट टाके होते, जिथे ओढ येते तिथे कापड दुहेरी होतं. माझा अडसर वेगळाच होता. यादीतला प्रत्येक आकडा कोरड्या वस्तूचा होता, आणि आमच्याकडे कोरडी वस्तू किती तास कोरडी राहते?

केरीची रात्र

सत्तरीत केरीला, अंजुणे धरणाच्या अलीकडे, आमची काजूची बागायत आहे. स्वतःची जमीन, परवानगीचा प्रश्न नाही, आणि काही बिनसलंच तर दोनशे पावलांवर पत्र्याची खोप. ऑगस्टच्या एका शनिवारी आम्ही तिघं तिथे राहिलो. ताईचं सामान जसं होतं तसं, भाच्याचं त्याच्या यादीप्रमाणे. पाच वाजता तासभर पावसात चाललो, मग तंबू लावले. सकाळी सात वाजता सगळं सामान झटकून, पिळण्यासारखं ते पिळून, पाव तास टांगून ठेवलं आणि पुन्हा काट्यावर चढवलं.

ताईचं बेस वेट 9.1 वरून 11 किलोवर गेलं होतं. रात्रीत एकोणीसशे ग्रॅम पाणी आम्ही सामानात मुरवलं होतं. त्यातलं साडेसातशे ग्रॅम एकट्या सॅकमध्ये. खांद्याच्या पट्ट्या, कमरेचा पट्टा आणि पाठीची गादी यांतला फोम नि जाळी पाणी पितात. वरून घालायचं रेनकव्हर पाठीच्या बाजूला उघडंच असतं. पाणी मानेवरून उतरून थेट गादीत जातं. सोलापुरी चादर तंबूत होती, तिला पावसाचा थेंबही लागला नाही, तरी ती दोनशे ग्रॅमने जड झाली. नुसत्या हवेने. कपडे पाचशे-साडेपाचशे ग्रॅमने वाढले, त्यात सगळ्यात मोठा हावरा तो टॉवेल. उरलेलं तंबूने प्यायलं.

भाच्याचं 5.3 चं 6.1 झालं, म्हणजे त्याची यादी तशी खरीच ठरली. पण त्याची रजई मी कपडे मापायच्या लाकडी पट्टीने मोजली. संध्याकाळी पिशवीतून काढून झटकल्यावर ती सहा सेंटिमीटर फुगली होती. सकाळी चार. वजन फक्त पन्नास ग्रॅमने वाढलेलं. पिसांची ऊब ही त्यांच्यात अडकलेल्या हवेची ऊब असते. फुगीरपणा गेला की ऊब गेली, आणि काट्याला त्याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्या रात्री ती आणखी बसली असती, कारण इथे सकाळी उन्हात टाकायला ऊनच नसतं. रजईच्या पिशवीवर छापलेलं, ती किती थंडीला पुरेल ते तापमान प्रयोगशाळेत गरम पुतळ्यावर मोजतात, कोरड्या पिसांचं. केरीतल्या ऑगस्टचं नव्हे.

त्याचं महागडं श्वास घेणारं जॅकेटही त्या तासाभरात आतून ओलं झालं. तो म्हणाला गळतंय. मी शिवणी पाहिल्या, गळत नव्हतं. तसल्या कापडातून घामाची वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. बाहेर पाऊस, उकाडा आणि शंभरच्या आसपास आर्द्रता असेल तर वाफ जाणार कुठे? तो घामाने भिजला होता. ताई छत्री घेऊन चालली होती. तिचे खांदे कोरडे.

त्या सकाळी मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे कोरडं वजन, उजवीकडे ओलं. पुढे घेतलेली किंवा शिवलेली एकही वस्तू उजवा रकाना भरल्याशिवाय ताईच्या सॅकमध्ये गेली नाही. दुकानाच्या मागे बादली, दोरी आणि काटा. वस्तू बुडवायची, झटकायची किंवा पिळायची, पाव तास टांगायची आणि तोलायची. कुणालाही घरी करता येईल इतकं सोपं.

काय बदललं

सॅक आधी. 38 लिटरची, 900 ग्रॅमची घेतली, 4,200 रुपयांना. दुकानात मी तिच्या खिशांकडे पाहिलंच नाही, पाठीची गादी दाबून पाहिली. पाणी न पिणारा, बंद छिद्रांचा फोम होता आणि जाळी पातळ. ओलं वजन 1,010 भरलं. रेनकव्हर नकोच म्हटलं. पोत्याच्या आत घालायची जाड पॉलिथिनची पिशवी मिळते तशी एक, 80 ग्रॅमची, सॅकच्या आत अस्तरासारखी घातली आणि तोंड पिळून दुमडलं. सॅक बाहेरून भिजू दे, आतलं कोरडं राहतं. एक गोष्ट मात्र मला खटकली. हलक्या बॅगांना हल्ली बारीक, तीन नंबरची चेन लावतात. जांभ्याची लाल धूळ तिच्या सरकपट्टीत, म्हणजे ओढायच्या रनरमध्ये, शिरली की ती आतून झिजते, मग दात जुळतात पण मागे उघडेच राहतात. पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे येणारी निम्मी दप्तरं याच दुखण्याची असतात. पक्कडीने सरकपट्टी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली की एखादा हंगाम निघतो. म्हणून जिचं मुख्य तोंड गुंडाळून बंद होतं, चेनच नाही, अशीच सॅक निवडली.

निवारा मी स्वतः शिवला. सिलिकॉन लेपाचं पातळ नायलॉन, पावणेतीन मीटर बाय पावणेतीन मीटरचं चौकोनी छप्पर, कडांना बारा फासे, दोऱ्यांसकट 540 ग्रॅम. कापड घेताना त्यावरचा पाण्याच्या दाबाचा आकडा विचारला. हा आकडा म्हणजे कापडावर किती मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर ते पाझरू लागेल, त्याचं माप. दीड हजाराच्या पुढे असला की छपराला पुरतो. पण तो नव्या कापडाचा असतो, म्हणून मी माझी परीक्षा घेतली. पातेल्यावर कापड झोळ ठेवून बांधलं, त्यात दोन लिटर पाणी ओतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी पातेलं कोरडं होतं. शिवणीची भोकं वेगळी बुजवावी लागतात. साधं सिलिकॉन सीलंट टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने शिवणीवर ओढलं, एक दिवस वाळवलं. या कापडावर पॉलियुरेथेनचं सीलंट धरत नाही, हे लक्षात ठेवावं.

सप्टेंबरात केरीला दुसरी रात्र काढली, तेव्हा या छपराने मला एक धडा दिला. रात्री दोनला जाग आली ती कापड नाकाला लागल्यामुळे. नायलॉन ओलं झालं की लांबतं, हे मला शिवणकामातून माहीत होतं, तरी ताणून बांधलेलं छप्पर इतकं लोंबेल असं वाटलं नव्हतं. उठून सगळ्या दोऱ्या पुन्हा ओढल्या. पॉलिस्टरचं कापड असतं तर कमी लोंबलं असतं. शेजारच्या सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणली, तिची बोटभर रुंदीची कडी कापून प्रत्येक दोरीत एक एक अडकवली. कापड सैल होईल तितकी रबराची कडी आखडते. बारा कड्यांचं वजन 45 ग्रॅम, खर्च शून्य, आणि पुढे नेत्रावळीत रात्री कुणाला उठावं लागलं नाही. छपराखाली डासांसाठी 380 ग्रॅमची जाळी आणि 220 ग्रॅमचं खालचं अंथरूण. तिन्ही मिळून जुन्या 2.6 किलोच्या तंबूच्या निम्म्याहून कमी. छप्पर मी घेतलं, जाळी नि अंथरूण ताईने.

पांघरूण म्हणून ताईला पिसांची रजई नाही, कृत्रिम तंतूंची पातळ रजई घेतली. 620 ग्रॅम, 2,400 रुपये. भाचा हळहळला, कारण तेवढ्या ग्रॅममध्ये पिसं जास्त ऊब देतात. कोरड्या हवेत देतात. नोव्हेंबरात आमच्या डोंगरांवर रात्रीचा पारा अठरा-वीसच्या आसपास असतो, तिथे ऊब किती हा प्रश्नच मोठा नाही. दवाने ओलावलेली रजई दुसऱ्या रात्री अंगावर घ्यावीशी वाटते का, हा प्रश्न आहे. केरीत ती रात्रभरात सत्तर ग्रॅमने वाढली, पण फुगीरपणा पट्टीवर तेवढाच राहिला.

बाकीचं पटापट झालं. टॉवेलऐवजी पंचा: 210 ग्रॅमच्या जागी 90, ओला पिळून 190, आणि तासाभरात वाळतो. स्टीलच्या बाटल्या जाऊन पाण्याच्या साध्या प्लास्टिक बाटल्या आल्या, दोन मिळून 70 ग्रॅम. सुती कुर्त्यांऐवजी दोन पातळ मिश्र कापडाचे. ताईला पँट नको होती, तेव्हा सलवारच ठेवली, फक्त घोट्याशी नाडी घालून दिली म्हणजे मोज्यात खोचता येईल. हे महत्त्वाचं आहे. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडीतून येतो, आणि पाऊस संपल्यावरच गोचिडी वाढतात. जळवा पावसात आणि गोचिडी कोरड्या दिवसांत, या दोहोंना एकच उत्तर: पाय झाकलेले हवेत, मग शंभर ग्रॅम जास्त का होईनात.

बुटांचा विषय जरा थांबून सांगते. ताईचे घोट्यापर्यंतचे चामडी बूट जोडीला 1,280 ग्रॅम होते, भिजल्यावर 1,710. पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट थकवतं, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. कारणही सरळ आहे, पाऊल दर वेळी उचलून पुढे टाकावं लागतं. 3,200 रुपयांचे जाळीचे धावायचे बूट घेतले, 520 ग्रॅम, भिजून 640. पाणी आत येतं तसं चालताना बाहेरही जातं. जुन्या बुटांचा तळवा तसाही भुसभुशीत झाला होता. आतला फोमही पॉलियुरेथेनचाच असतो आणि सॅकच्या लेपासारखाच न वापरता सडतो. ट्रेकच्या दिवशी तळवा गळून पडल्याच्या गोष्टी ऐकू येतात त्या याच कारणाने.

जे बदललं नाही

भाच्याने टायटॅनियमचं भांडं सुचवलं. घरातलं ॲल्युमिनियमचं 160 ग्रॅम, ते 110. पन्नास ग्रॅमसाठी अडीच हजार. मी वहीत शंभर ग्रॅम कमी करायला किती पैसे पडले तो हिशेब मांडत होते. बाटल्यांना साडेसहा रुपये पडले, सॅकला तीनशे, रजईला पाचशे, या भांड्याला पाच हजार. घरातलंच भांडं नेलं. ब्रशचा दांडा कापणं, औषधांची पाकिटं कातरणं यातही मी पडले नाही. औषधाच्या पट्टीवर नाव आणि मुदत लिहिलेली असते, ती ताई कापू देणारही नव्हती. क्रेप बँडेज, शिटी, डोक्याचा टॉर्च आणि सुटे सेल यांना हात लावला नाही. डोंगरमाथ्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही, आणि अंधारात जांभ्याच्या कपारीत फुरसं बसलेलं असेल तर ते दिसायला उजेडच लागतो.

छत्रीवरून मात्र आमचं वाजलं. 320 ग्रॅमची, लाकडी मुठीची, जुनी. नोव्हेंबरात पाऊस नाही म्हणून मी ती दोनदा यादीतून खोडली आणि ताईने दोनदा परत लिहिली.

खाण्यात ताईचं डोकं माझ्याहून चांगलं चाललं. मी उकडे तांदूळ बांधले होते, पेज झाली की झालं म्हणून. ती म्हणाली, "उकडे शिजायला पाऊण तास, तेवढा गॅस कोण वाहणार?" तिने नाचणीचं पीठ तुपावर भाजून गूळ घालून दिलं. पाण्यात पाच मिनिटांत तिजण, म्हणजे नाचणीची गोड पेज, होतं. जोडीला पोहे, सुकं खोबरं, शेंगदाण्याची चटणी, सोलं. 1.2 किलोत तीन दिवस. गॅसचं लहान डबडं भाच्याने घेतलं.

नेत्रावळीचे तीन दिवस

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालो तेव्हा ताईची सॅक 6.2 किलो होती, एक लिटर पाण्यासकट. पाणी एकच लिटर, कारण त्या दिवसांत ओहोळ वाहते असतात. एप्रिलमध्ये हाच हिशेब तीन लिटरवर गेला असता, आणि तिथे मग कुठलंच हलकं सामान दोन किलोचा फरक भरून काढत नाही. गाळणी 0.1 मायक्रॉनची होती. ती जिवाणू अडवते, विषाणू नाही. वरच्या अंगाला गावं नि गुरं असलेल्या पाण्यात तेवढ्यावर विसंबू नये. ताईने गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवायचा नियम केला आणि आम्ही तो पाळला.

पहिल्या चढावर मी मागून तिच्याकडे बघत होते. जुलैत दुकानात 12.7 किलो पाठीवर घेऊन ती उभी राहिली तेव्हा टेबलाला धरून उभी राहिली होती. आता काठीवर वजन टाकत, बोलत चढत होती. कुठल्या घरात कोणतं मूल डोसाला घाबरून पळालं होतं ते सांगत. मला तेव्हा गहिवरून आलं, हे लिहायला मला संकोच नाही.

वेर्लेला संध्याकाळी एक अडचण आली जी माझ्या वहीत कुठेच नव्हती. यजमानीण बाईंनी सकाळीच अंगण शेणाने सारवलं होतं. त्या सारवलेल्या जमिनीत खुंट्या ठोकायच्या? भाचा खुंटी हातात घेऊन उभा राहिला आणि ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. अंगणाबाहेर गेलो तर जांभा, खुंटी दोन बोटंही आत जाईना. त्याचा तंबू खुंट्यांशिवाय उभाच राहत नाही. माझ्या छपराला बारा फासे आणि लांब दोऱ्या होत्या. एक बाजू ओसरीच्या खांबाला, दुसरी माडताच्या दोन झाडांना बांधली, खालच्या कोपऱ्यांना चिऱ्याचे तुकडे गुंडाळून ठेवले. तिघं त्याच्याखाली झोपलो. भाच्याचा 980 ग्रॅमचा तंबू दोन्ही रात्री सॅकमध्येच राहिला.

दुसऱ्या दिवशी साळजिणीच्या वाटेवर दुपारी अडीचला आभाळ भरलं आणि चाळीस मिनिटं धो धो कोसळलं. ताईने छत्री उघडली. आम्ही दोघं भिजलो. थांबल्यावर तिने छत्री झटकली, मिटली, सॅकच्या बाजूच्या खिशात खोचली आणि पुढे निघाली. त्या रात्री तिने पोहे परतले ते कोरड्या कपड्यांत. माझे मोजे चुलीजवळ वाळत होते.

चूक झाली ती चटईत. जाड चटई काढून मी तिला पाऊण लांबीची 210 ग्रॅमची पातळ दिली होती, पाय सॅकवर ठेवायचे म्हणून. थंडीचा प्रश्न आला नाही. पण 61 वर्षांच्या कमरेच्या हाडाला सारवलेली जमीन टोचते. दुसऱ्या रात्री ती तीनदा कूस बदलून उठून बसली आणि सकाळी उतरताना गुडघ्यापेक्षा कमरेची तक्रार जास्त होती. झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी पाऊल चुकतं. वजनाच्या रकान्यात जिंकलेले ग्रॅम तिने अंगावर फेडले. केरीत हे कळलं नाही कारण तिथे मऊ पालापाचोळा होता. ज्या जमिनीवर झोपायचं तिची चाचणी मी घेतली नव्हती.

परत आल्यावर

सोमवारी दुकान बंद असतं. ताईची सॅक आहे तशी, न सुकवता, काट्यावर लावली. खाणं-पाणी वगळून 4.4 किलो. निघताना 4.0 होती. चारशे ग्रॅम ओल, केरीच्या पहिल्या रात्रीच्या एकोणीसशेसमोर.

मग सगळं जमिनीवर ओतलं आणि ताईलाच तीन ढीग करायला सांगितलं: रोज लागलं, एकदा लागलं, लागलंच नाही. औषधं आणि टॉर्चचे सेल या वाटणीत धरले नाहीत. न लागलेल्यात दुसरा कुर्ता, साबणाचा अर्धा तुकडा आणि मी हौसेने दिलेलं कापडी पाकीट होतं. छत्री तिने पहिल्या ढिगात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. वहीत तिच्यासमोर मी लिहिलं: कोरडी 320, ओली 350, कायम.

अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या बाईने 1955 साली, 67 व्या वर्षी, अ‍ॅपलाचियन ट्रेल ही डोंगरांतली लांब पायवाट एकटीने सलग पार केली. तीन हजारांवर किलोमीटर. पायात कॅनव्हासचे बूट, पावसाला न्हाणीघराचा पडदा आणि खांद्यावर स्वतः शिवलेली झोळी. झोळी शिवणारी बाई म्हणून मला तिचं फार अप्रूप वाटतं. ताईला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने विचारलं, "ती झोपायची कशावर?"

सगळा खर्च 13,790 रुपये झाला, माझी शिलाई न धरता. सामान धुऊन, सावलीत दोन दिवस पसरून, सुती पिशव्यांत सैल भरून उघड्या फळीवर ठेवलंय, माळ्यावर नाही. छपराच्या दोन शिवणींना पुन्हा सिलिकॉन लावायचंय. कमरेसाठी पूर्ण लांबीची, बंद फोमची 380 ग्रॅमची चटई आणली आहे. बादलीत बुडवून पाहिली, 395 भरली. त्या 170 ग्रॅमच्या बदल्यात काय काढायचं ते जानेवारीत निघण्याआधी ताई ठरवणार आहे. दुसरा कुर्ता ती द्यायला तयार आहे, पाकीटही. छत्रीचं नाव काढू नको, असं तिने आधीच बजावलंय.